अमेरिकेतील कॉलेज खेळाडूंना जाहिरातींचे लाखो डॉलर. मग परदेशी खेळाडूंचे हात बांधलेले का?

अमेरिकेत कॉलेजच्या संघातून खेळणाऱ्या खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावण्याची मुभा आहे. बुटांच्या कंपनीची जाहिरात, गावातल्या मोटार विक्रेत्यासाठी इन्स्टाग्रामवर एखादी पोस्ट, सही केलेल्या जर्सीची विक्री अशा मार्गांनी काही खेळाडू पदवी हातात पडण्याआधीच लक्षाधीश झाले. मात्र त्याच संघात, त्याच मैदानावर, तितकाच घाम गाळणाऱ्या परदेशी खेळाडूला यातले बहुतेक मार्ग बंद आहेत किंवा धोक्याचे आहेत. त्याला खेळाचा कोणताही नियम अडवत नाही. अडचण आहे ती त्याच्या पासपोर्टवरच्या विद्यार्थी व्हिसाची. हा पेच नेमका काय आहे आणि तो कसा निर्माण झाला, ते समजून घेऊ.

‘एनआयएल’ म्हणजे काय?

‘नेम, इमेज अँड लाइकनेस’ या तीन शब्दांची आद्याक्षरे घेऊन ‘एनआयएल’ ही संज्ञा तयार झाली. एखाद्या व्यक्तीचे नाव, तिचे छायाचित्र आणि तिची ओळख पटवणारी कोणतीही खूण यांच्या व्यापारी वापरावर त्या व्यक्तीचा हक्क असतो, अशी ही कल्पना आहे. चित्रपट कलाकार किंवा व्यावसायिक क्रिकेटपटू जाहिरातीचे मानधन घेतात ते याच हक्काच्या जोरावर.

एनआयएलचे पैसे आणि खेळण्याचा पगार या वेगळ्या गोष्टी आहेत. सामना खेळल्याबद्दल मिळतो तो पगार. त्या खेळामुळे मिळालेल्या प्रसिद्धीचा वापर करू दिल्याबद्दल मिळते ते एनआयएलचे मानधन. कागदावरचा हा फरक व्यवहारात बऱ्याचदा पुसट होतो आणि परदेशी खेळाडूंची अडचण तिथूनच सुरू होते.

ही मुभा मिळाली कशी?

अमेरिकेतील कॉलेज क्रीडा स्पर्धांचे नियमन एनसीएए ही संघटना करते. तिची स्थापना १९०६ मधली. कॉलेजचा खेळाडू हा आधी विद्यार्थी आणि मग हौशी खेळाडू, म्हणून त्याने शिष्यवृत्तीपलीकडे खेळातून पैसा मिळवू नये, हे तत्त्व संघटनेने अनेक दशके कडकपणे राबवले. दुसरीकडे फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांतून विद्यापीठे आणि संघटना अब्जावधी डॉलर मिळवत राहिल्या.

या विसंगतीला पहिला मोठा धक्का दिला तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओ’बॅनन याने. एका व्हिडिओ गेममध्ये परवानगीशिवाय आपली प्रतिमा वापरल्याचे लक्षात आल्यावर त्याने २००९ मध्ये दावा दाखल केला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएची बंधने स्पर्धाविरोधी ठरवली. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेऊ देणारा कायदा केला आणि इतर राज्ये त्याच वाटेने निघाली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी संघटनेच्या विरोधात निकाल दिला. तो खटला शैक्षणिक लाभांवरील मर्यादेचा होता, एनआयएलचा नव्हता. पण न्यायालयाचा कल पाहून एनसीएएने दहा दिवसांच्या आत जुने निर्बंध मागे घेतले.

या सगळ्या लढाईत बाजू दोनच होत्या, खेळाडू आणि एनसीएए. स्थलांतर कायदा त्यात कुठेच नव्हता. त्यामुळे एनसीएएने दार उघडले तेव्हा परदेशी खेळाडूंच्या लक्षात आले, की त्यांच्यासमोर आणखी एक दार आहे आणि त्याची किल्ली एनसीएएकडे नाही.

परदेशी खेळाडू आहेत तरी किती?

एनसीएएच्या स्पर्धांत सुमारे २५ हजार परदेशी विद्यार्थी खेळतात. बास्केटबॉलमध्ये आफ्रिका, युरोप, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सॉकर, गोल्फ, जलतरण, अॅथलेटिक्स आणि आइस हॉकीतही ते ठळकपणे दिसतात. टेनिसमध्ये तर सर्वोच्च गटाच्या, म्हणजे ‘डिव्हिजन वन’च्या संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी असतात.

भारतीय खेळाडूही ही वाट जुनी ओळखतात. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. रोहन बोपण्णासोबत हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संघात होती. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएए विजेता ठरला. यांतील बहुतेकांची कॉलेज कारकीर्द २०२१ पूर्वीची आहे. तेव्हा जाहिरातीचे पैसे कोणालाच मिळत नव्हते, त्यामुळे देशी-परदेशी हा भेदही नव्हता. आज मात्र तो आहे.

विद्यार्थी व्हिसा नेमके काय सांगतो?

यातील बहुसंख्य खेळाडू एफ-१ व्हिसावर असतात. हा व्हिसा पूर्णवेळ शिक्षणासाठी दिला जातो. काम करण्याची मुभा हा त्यातला अपवाद आहे आणि त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत.

• कॅम्पसवरची नोकरी: ग्रंथालय, खानावळ, प्रयोगशाळा अशा ठिकाणी सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. सुट्टीत पूर्णवेळ चालते.
• सीपीटी: अभ्यासक्रमाचाच भाग असलेले प्रशिक्षण. ते साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर आणि विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्यावरच.
• ओपीटी: शिकत असलेल्या विषयाशी थेट संबंधित काम, १२ महिन्यांपर्यंत. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळू शकतात.
• अनपेक्षित आर्थिक संकट: अशा वेळी सरकारकडून कॅम्पसबाहेर काम करण्याची विशेष परवानगी मागता येते.

या चौकटीबाहेरचे काम ‘अनधिकृत रोजगार’ ठरते. त्याचे मानधन किती, ते किती वेळ चालले, ते दुसऱ्यासाठी केले की स्वतःच्या व्यवसायासाठी, याने फारसा फरक पडत नाही. खेळाडूची शिष्यवृत्ती मात्र रोजगारात मोडत नाही. शिक्षण शुल्क, राहणे आणि जेवण यांचा खर्च विद्यापीठाने उचलला तरी व्हिसाला बाधा येत नाही. ऑल्स्टन निकालानंतर विद्यापीठे वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत शैक्षणिक बक्षीस देऊ शकतात. तेही शिष्यवृत्तीच्याच जातीचे मानून अनेक ठिकाणी परदेशी खेळाडूंना दिले जाते.

मग जाहिरात हे ‘काम’ आहे का?

सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. अमेरिकी स्थलांतर नियमांत रोजगाराची व्याख्या ‘कर्मचाऱ्याने मालकासाठी अमेरिकेच्या हद्दीत केलेली सेवा किंवा श्रम’ अशा आशयाची आहे. ही व्याख्या आली ती कारखाने, शेते आणि हॉटेलांतील बेकायदा कामगारांचा प्रश्न समोर ठेवून. इन्स्टाग्रामवरची वीस सेकंदांची चित्रफीत तिच्यात बसते का, याचा विचार त्या वेळी कोणी करण्याचे कारण नव्हते.

या व्याख्येचा आधार घेऊन वकील आणि विद्यापीठे एनआयएलच्या कमाईचे दोन भाग करतात.

पहिला भाग सक्रिय कमाईचा. जाहिरातीच्या चित्रीकरणाला जाणे, दुकानाच्या उद्घाटनाला हजेरी लावणे, पैसे घेऊन सह्या करणे, लहान मुलांचे प्रशिक्षण शिबिर घेणे, करारानुसार ठरावीक संख्येने समाजमाध्यमांवर पोस्ट टाकणे. या सगळ्यात खेळाडू काहीतरी करतो आणि त्याबद्दल पैसे घेतो. अमेरिकेत राहून हे केले तर त्याला रोजगार मानले जाण्याची शक्यता मोठी.

दुसरा भाग निष्क्रिय कमाईचा. विद्यार्थी व्हिसावरील व्यक्ती शेअरचा लाभांश घेऊ शकते, घराचे भाडे घेऊ शकते, पुस्तकाचे मानधन घेऊ शकते, कारण त्यासाठी ती रोज श्रम करत नाही. त्याच न्यायाने खेळाडूने आपले नाव किंवा आधीच काढलेले छायाचित्र वापरण्याचा परवाना दिला आणि जर्सीच्या विक्रीतून रॉयल्टी मिळाली, तर ते काम नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. व्हिडिओ गेमसाठी सगळ्या संघाच्या वतीने एकत्रित परवाना देणे हेही याच प्रकारात बसवले जाते.

दोन्ही टोके स्पष्ट आहेत. गोंधळ आहे तो मधल्या पट्ट्यात. समजा, एका संघातील दोन मैत्रिणींना एकाच शीतपेय कंपनीने सारखाच करार देऊ केला. अमेरिकी खेळाडू हातात बाटली घेऊन फोनसमोर चार वाक्ये बोलते आणि पैसे घेते. परदेशी खेळाडूने तेच केले तर ती सेवा. कंपनीने तिचे मागच्या सामन्यातले छायाचित्र परवाना घेऊन फलकावर लावले तर कदाचित रॉयल्टी. पण त्या फलकासाठी तिला नवे छायाचित्र काढायला बोलावले तर? कंपनीची पोस्ट तिने स्वतःच्या खात्यावरून पुढे पाठवली तर? अशा प्रश्नांना नियमांत थेट उत्तर नाही.

परदेशी विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी विभाग अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या अखत्यारीत येतो. एनआयएल सुरू झाल्यावर विद्यापीठांनी त्याच्याकडे मार्गदर्शन मागितले. विषयाचा अभ्यास सुरू आहे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. हे करा आणि हे टाळा असे सांगणारी स्पष्ट नियमावली आली नाही. परिणामी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या वकिलांच्या सल्ल्याने चालते. एक विद्यापीठ रॉयल्टीला हिरवा कंदील दाखवते, तर दुसरे परदेशी खेळाडूंना एनआयएलपासून चार हात दूरच राहा म्हणते.

देशाबाहेर जाऊन कमावले तर?

व्याख्येतील ‘अमेरिकेच्या हद्दीत’ या शब्दांनी एक वाट मोकळी ठेवली आहे. अमेरिकेचा व्हिसा अमेरिकेतील वास्तव्याला लागू होतो. खेळाडूने दुसऱ्या देशात जाऊन काम केले, तर तिथल्या कायद्याचा प्रश्न येतो, एफ-१ च्या अटींचा नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे याचे. तो काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा नागरिक. २०२२ मध्ये तो अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंटकीचा संघ बहामाजच्या दौऱ्यावर गेला होता. त्या मुक्कामात शीब्वेने जाहिरातींची छायाचित्रे आणि चित्रीकरणे उरकून घेतली. त्यातून त्याला लाखो डॉलर मिळाल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यानंतर परदेश दौऱ्यातले मोकळे दिवस हा परदेशी खेळाडूंच्या सल्लागारांच्या वेळापत्रकातला महत्त्वाचा भाग बनला.

मात्र ही वाट सगळ्यांना परवडणारी नाही. परदेश दौरा दरवर्षी नसतो. मायदेशी जायचे तर सुट्टीचा काळ अपुरा, विमानाचे तिकीट महाग आणि परतताना व्हिसाची मुदत संपली असेल तर पुन्हा मुलाखत. शिवाय जो खेळाडू राष्ट्रीय पातळीवर गाजलेला नाही, त्याच्यासाठी कंपनी चित्रीकरणाचा चमू परदेशात पाठवत नाही.

पर्ड्यू विद्यापीठाचा सव्वासात फुटांहून उंच कॅनेडियन खेळाडू झॅक एडी याच्यामुळे हा विषय घरोघरी पोहोचला. २०२३ आणि २०२४ असे सलग दोन वर्षे तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२४ मध्ये त्याने संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. देशातला सर्वांत ओळखीचा कॉलेज बास्केटबॉलपटू असूनही जाहिरातीच्या बाजारात त्याला अमेरिकी सहकाऱ्यांइतकी मोकळीक नव्हती.

नियम मोडला तर काय होते?

या प्रश्नाचे उत्तर इतके कठोर आहे, की खेळाडू आणि विद्यापीठे संशयाच्या जागीही पाऊल टाकायला धजत नाहीत. अनधिकृत रोजगार केला की विद्यार्थ्याचा दर्जा भंग होतो. सरकारच्या ‘सेव्हिस’ या संगणकीय नोंदवहीतील त्याची नोंद रद्द होऊ शकते. एखादा विषय सोडल्याने किंवा कागदपत्र उशिरा दिल्याने दर्जा गेला, तर तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. पण त्या अर्जाची एक अट अशी, की विद्यार्थ्याने अनधिकृत रोजगार केलेला नसावा. म्हणजे नेमक्या याच चुकीला परतीचा हा मार्ग बंद असतो.

पुढचे परिणाम लांबवर जातात. देश सोडावा लागणे, शिष्यवृत्ती आणि पदवी अर्धवट राहणे, पुढच्या व्हिसाच्या वेळी जुनी नोंद समोर येणे, ग्रीन कार्डच्या अर्जात अडथळा येणे. ज्या खेळाडूला पुढे अमेरिकेत व्यावसायिक लीग खेळायची आहे, त्याच्यासाठी काहीशे डॉलरची एक पोस्ट कारकिर्दीच्या मुळावर येऊ शकते.

आणि लपवण्याची सोय नाही, कारण जाहिरात ही मुळातच लोकांनी पाहावी म्हणून केलेली असते. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवायला सांगितले जाते आणि वकिलातीचे अधिकारी ती तपासतात.

दुसरा व्हिसा घेता येत नाही का?

नामवंत खेळाडूंसाठी दोन पर्याय चर्चेत असतात. पी-१ए हा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता पावलेल्या खेळाडूंचा व्हिसा आहे आणि तो पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो. ओ-१ हा असामान्य गुणवत्ता असलेल्यांसाठी आहे.

दोन्हींची पायरी उंच आहे. राष्ट्रीय संघातून खेळल्याचे पुरावे, जागतिक क्रमवारी, पुरस्कार, तज्ज्ञांची पत्रे, करार अशी मोठी फाइल लागते. वकिलाचे शुल्क हजारो डॉलरच्या घरात जाते. शिवाय पी-१ए म्हणजे सरसकट कमाईचा परवाना नव्हे. अर्जात दाखवलेल्या स्पर्धा आणि त्याला जोडून येणारे प्रसिद्धीचे कार्यक्रम एवढीच त्याची मर्यादा आहे. त्याबाहेरच्या कंपन्यांशी करार केला तर पुन्हा प्रश्न उभा राहतो. कॉलेजचा खेळ हा पी-१ए ला अपेक्षित असलेल्या दर्जाचा मानायचा का, यावरही मतभेद आहेत. एलएसयू विद्यापीठाची ऑस्ट्रेलियन बास्केटबॉलपटू लास्ट-टिअर पोआ हिचा पी-१ए अर्ज फेटाळला गेल्यावर हा वाद न्यायालयात पोहोचला.

थोडक्यात, ज्या मोजक्या खेळाडूंना हे व्हिसा मिळू शकतात, त्यांच्याकडे पैसा आणि नाव दोन्ही आधीच असते. मधल्या फळीतील टेनिसपटू किंवा धावपटूसाठी ते कागदावरचेच पर्याय राहतात.

विद्यापीठेच पैसे देऊ लागल्यावर काय बदलले?

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्केन यांनीच ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई मिळणार आहे. त्याहून मोठा बदल असा, की १ जुलै २०२५ पासून तडजोडीत सामील विद्यापीठे आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. बाहेरच्या कंपन्यांशी ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा करार झाला तर त्याची नोंद करणेही बंधनकारक झाले.

याने परदेशी खेळाडूंचा पेच सुटला नाही, उलट त्याला आणखी एक गाठ बसली. विद्यापीठाने दिलेली ही रक्कम कशाची? तुझे नाव आणि प्रतिमा आम्ही वापरतो, त्याचे हे परवाना शुल्क, असे करारात लिहिले तर ती रॉयल्टीसारखी दिसते. त्यामुळे काही विद्यापीठे परदेशी खेळाडूंचे करार अशाच भाषेत तयार करतात. पण रक्कम खेळाडूच्या कामगिरीनुसार कमी-जास्त होत असेल, संघ सोडल्यास परत द्यावी लागत असेल, कार्यक्रमांना हजेरी सक्तीची असेल, तर तो परवाना की पगार, असा प्रश्न एखादा अधिकारी विचारू शकतो. युरोपातील क्लबांतून तयार झालेले बास्केटबॉलपटू आता मोठ्या संख्येने अमेरिकी कॉलेजांकडे वळत आहेत. त्यांच्या करारांतील प्रत्येक कलम याच शंकेच्या सावलीत लिहिले जाते.

खेळाडू कर्मचारी ठरला तर बरे की वाईट?

कॉलेज खेळाडूंना विद्यापीठाचे कर्मचारी मानावे, अशी मागणीही जोर धरते आहे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाने कामगार संघटना स्थापण्याच्या बाजूने १३ विरुद्ध २ असे मतदान केले होते. वर्षअखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने, काही परिस्थितीत खेळाडू वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, असे मत दिले.

परदेशी खेळाडूसाठी ही दुधारी तलवार आहे. खेळ ही नोकरी ठरली तर ती कॅम्पसवरची नोकरी मानता येईल आणि एफ-१ व्हिसावर कॅम्पसवर काम करण्याची मुभा आहेच. एनसीएएचा सरावावरील नियमही हंगामात आठवड्याला २० तासांचाच आहे. पण प्रवास, उपचार, व्यायाम आणि ‘ऐच्छिक’ सराव धरला तर खेळाडूचे तास सहज त्यापुढे जातात. मग २० तासांची मर्यादा ओलांडली म्हणून व्हिसाच्या अटींचा भंग होईल. शिवाय कर्मचारी ठरल्यानेही बाहेरच्या कंपनीच्या जाहिरातीला परवानगी मिळत नाही, ती नाहीच.

कराचा हिशेब कसा होतो?

एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे साधारणपणे करासाठी ‘अनिवासी’ समजला जातो. त्याला अमेरिकेतून मिळालेल्या रॉयल्टीवर मूळ दर सरसकट ३० टक्के आहे. दोन देशांत करार असेल तर तो कमी होतो. भारत-अमेरिका करारात रॉयल्टीवरील दर साधारण १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आहे. पूर्ण शिष्यवृत्तीतील राहण्या-जेवणाचा भागही करपात्र धरला जातो आणि त्यावर १४ टक्के कर कापला जातो.

इथे एक छुपा सापळा आहे. पैसे देणारी कंपनी कोणता अर्ज भरते, त्यावर त्या रकमेचे स्वरूप नोंदले जाते. परवाना शुल्क म्हणून दिलेली रक्कम एखाद्या अनभिज्ञ लेखापालाने ‘सेवेचा मोबदला’ म्हणून नोंदवली, तर खेळाडूने अमेरिकेत काम केल्याचा कागदोपत्री पुरावा सरकारदरबारी जमा होतो, तोही खेळाडूच्या नकळत.

कायदा बदलत का नाही?

मागणी आहे आणि प्रयत्नही झाले. २०२३ च्या अखेरीस डेमोक्रॅटिक पक्षाचे रिचर्ड ब्लुमेंथल आणि रिपब्लिकन पक्षाचे पीट रिकेट्स या दोन सिनेटरांनी एकत्र येऊन विधेयक मांडले. विद्यार्थी व्हिसावरील खेळाडूंना एनआयएलचे करार करता यावेत, हा त्याचा हेतू. दोन्ही पक्षांचे लोक सोबत असूनही त्याचा कायदा झाला नाही. स्थलांतराचा कोणताही विषय अमेरिकी काँग्रेसमध्ये निघाला की बाकीचे सगळे वाद त्याला येऊन चिकटतात, हे त्यामागचे एक कारण. दुसरे असे, की खेळाडूंना सवलत दिली तर परदेशी विद्यार्थी असलेल्या यूट्यूबर, गायक किंवा अॅप बनवणाऱ्यांना का नाही, हा प्रश्न लगेच पुढे येतो. तो प्रश्न रास्तही आहे, कारण तेही याच नियमांत अडकलेले आहेत.

भारतातून जाणाऱ्या खेळाडूंनी काय लक्षात ठेवावे?

• एनसीएएची किंवा प्रशिक्षकाची परवानगी म्हणजे व्हिसाची परवानगी नव्हे. विद्यापीठात ‘डीएसओ’ म्हणून नेमलेला अधिकारी परदेशी विद्यार्थ्यांची नोंद सांभाळतो. सहीपूर्वी त्याला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.
• पैशांऐवजी मिळालेले बूट, जेवण, गाडी किंवा हॉटेलचा मुक्काम हाही मोबदलाच असतो. ‘रोख घेतले नाहीत’ हा बचाव टिकत नाही.
• डीएसओला करारांचे सगळे बारकावे माहीत असतीलच असे नाही. रक्कम मोठी असेल तर स्थलांतर कायद्याच्या स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा. एजंट किंवा बूस्टर मंडळाचा वकील त्यांचे हित आधी पाहतो.
• सुट्टीत भारतात येऊन भारतीय कंपनीसाठी चित्रीकरण केले, तर काम अमेरिकेबाहेर झाले असे दाखवता येते. तारखा, तिकिटे, करार आणि बँकेच्या नोंदी ठेवाव्यात. अमेरिकेत परतल्यावर त्याच करारापोटी पोस्ट टाकावी लागणार असेल, तर तो भाग वेगळा तपासून घ्यावा. भारतातील कमाईवर भारतात कर लागतो.
• विद्यापीठ निवडताना शिष्यवृत्तीच्या जोडीला, परदेशी खेळाडूंच्या एनआयएलबाबत त्यांचे लेखी धोरण काय, हा प्रश्न आधीच विचारावा. उत्पन्नातील वाटा देऊ केला असेल तर तो व्हिसामुळे देता आला नाही तर काय, हे करारात स्पष्ट करून घ्यावे.

अनेक कुटुंबे कर्ज काढून, जमीन-दागिने गहाण ठेवून मुलांना अमेरिकेत पाठवतात. पूर्ण शिष्यवृत्ती मिळालेल्या खेळाडूचा खर्च वाचतो, हे खरेच. तरी संघातील सहकारी नवी गाडी घेऊन सरावाला येतो आणि आपण त्याच कंपनीचा ईमेल न उघडता पुसून टाकतो, ही विषमता रोज डोळ्यांसमोर असते. रोजगाराची जुनी व्याख्या आणि प्रसिद्धीचा नवा बाजार यांची सांगड सरकार किंवा काँग्रेस जोवर घालत नाही, तोवर परदेशी खेळाडूला एका पोस्टची किंमत डॉलरमध्ये नव्हे, तर पदवी आणि व्हिसा यांच्यात मोजावी लागणार आहे.